आईला मोजून दिलेली मूळसंख्या

दोनशे चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. हा आकडा मला झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येतो, आणि त्यात कौतुक करण्यासारखं काही नाही. गणित शिकवणाऱ्या पुष्कळांना तो पाठ असतो. दोनला दोननं गुणत जायचं, एकतीस दोन झाले की थांबायचं, आणि आलेल्या उत्तरातून एक वजा करायचा. उरतो तो हा. याला एकनं भाग जातो आणि स्वतःनं जातो, मधल्या कशानंही जात नाही. म्हणून ही मूळसंख्या. कॉम्प्युटरवाले याला वेगळ्या कारणानं ओळखतात. जुन्या मशीनमधली मोजणी इथवर येऊन अडते, पुढं जात नाही. वर्गात मी हा आकडा फळ्यावर लिहिते तेव्हा मागच्या बाकावरून कोणीतरी हमखास विचारतं, "मॅडम, याचा उपयोग काय?" पूर्वी मी उत्तर द्यायचे. आता देत नाही. मी याचा एकदाच उपयोग केला, आणि तो माझ्या आईवर केला.

आमचं घर विणकराचं. आई उमरेडची, तिथंही माग. चौथीपर्यंत शाळा झाली आणि मग सुताच्या कांड्या भरायला बसवली. लग्न होऊन नागपुरात आली तर इथंही तेच. मागावर वडील बसायचे, पण मागाच्या आधीचं सगळं आईचं. सूत किती लागेल, ताण्यात, म्हणजे उभ्या सुतात, धागे किती, काठाला किती, मधल्या अंगाला किती, हे ती तोंडी करायची. वडील कागदावर करायचे आणि चुकायचे. ती चूक काढायची आणि वडील दोन दिवस बोलायचे नाहीत. मला जे काही गणित आलं ते तिच्याकडून आलं, हे मी नोकरीच्या मुलाखतीत सांगितलं नाही, कारण सांगायची लाज वाटली. पुढं माग गेला, वडील गेले, मी हुडकेश्वरला दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला आणि आईला तिथं आणलं. मी एकुलती एक. लग्न केलं नाही. त्यावर तिची कुरकुर अखेरपर्यंत चालली.

शुगरनं किडन्या खाल्ल्या तेव्हा ती सदुसष्ट वर्षांची होती. आठवड्यातून तीन दिवस डायलिसिस, दर खेपेला चार तास. डाव्या हाताची शीर त्यासाठी ऑपरेशन करून जाड केलेली असते, तिच्यात दोन सुया. तो हात हलवायचा नाही. उजवा मोकळा. समोर टीव्ही, त्यावर कोणाच्या तरी सासूनं कोणाच्या तरी सुनेचं काहीतरी चोरलेलं. आईला टीव्हीचा तिटकारा होता. दुखण्याबद्दल ती कधी बोलली नाही. बोलली ती रिकाम्या हाताबद्दल. "चार-चार तास नुस्तं पडून राहाचं म्हंजे काय मुडदा आहो का मी?" हे ती मला विचारायची, सिस्टरला विचारायची, शेजारच्या खाटेवरच्या माणसाला विचारायची. त्याचा बिचाऱ्याचा डोळा लागलेला असायचा.

तिसऱ्या महिन्यात ती म्हणाली, "मी आता येत नाई." मला वाटलं, चिडली आहे, उद्या ऐकेल. नाही ऐकलं. मी भांडले, रडले, शेजारणीला बोलावून आणलं. आई पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. दोन खेपा चुकल्या. पाय सुजले, मग चेहरा, आणि शनिवारी सकाळी तिला बसल्या जागी श्वास घेता येईना. ॲम्ब्युलन्समध्ये मी तिच्या तोंडावर मास्क दाबून धरला होता आणि मला तिचा इतका राग आला होता की तसा मला आजवर कोणाचाच आलेला नाही.

त्या दिवशी डॉक्टरांनी मला बाहेर पॅसेजमध्ये नेलं. म्हणाले, असं पुन्हा झालं तर आम्ही काही करू शकणार नाही. मी विचारलं, आणि नियमित आली तर? ते म्हणाले, "वय आहे, शुगर आहे, हार्ट पण थोडं वीक आहे. तीन वर्षं धरून चाला मॅडम." चांगला माणूस होता. मी विचारलं नसतं तर त्यानं सांगितलंही नसतं.

आता एवढंच काम होतं. आई त्या डायलिसिसच्या खाटेवर जाऊन पडली पाहिजे, आठवड्यातून तीनदा, आणि कोणी ओढून न नेता. ती गेली नाही तर मरेल, इतकी साधी गोष्ट. मी रविवारी टेबलाशी बसले आणि शाळेतल्या पोरांना देतात तसं तिला काय देता येईल याचा विचार करू लागले. भरतकाम एका हातानं होत नाही. पोथी तिला नको. तिला लागतं ते हिशेबाचं काम, आणि असं, की आज अर्धं राहिलं तर परवा पुढं करावंसं वाटेल.

एक मोठा आकडा द्यावा आणि सांगावं, याला कशानं भाग जातो ते शोध. हे सुचलं तेव्हा मी स्वतःवर खूश झाले, हे कबूल करते. आणि मग मी जे केलं ते एखाद्या मास्तरणीनंच करावं. मी आकडा मापून घेतला. दहा अंकी आकड्याला हातानं भाग द्यायचा, गुणून पडताळा घ्यायचा, तिला वीस-पंचवीस मिनिटं लागतील. एका खेपेला दहा भागाकार. आठवड्याला तीस. नऊ अंकी आकडा घेतला तर दोन-सव्वादोन वर्षांत संपतो. अकरा अंकी घेतला तर आठ-दहा वर्षं चालेल, पण भागाकार लांबतील, ती कंटाळेल. दोनशे चौदा कोटींचा हा आकडा घेतला, तर पार शेवटपर्यंत जायला चार हजार सातशे ब्याण्णव मूळसंख्यांनी भाग देऊन पाहावं लागतं. आठवड्याला तीस म्हणजे एकशे साठ आठवडे. तीन वर्षं आणि एक महिना. मी पेन खाली ठेवलं. बरोबर बसलं होतं.

तास संपताना गणित सुटलं पाहिजे, ही माझी वीस वर्षांची सवय. त्या दिवशी मला यात काहीच वावगं दिसलं नाही.

आणखी एक सांगून टाकते. या आकड्याची एक खुबी आहे. तो दोनच्या घातातून आलेला असल्यामुळं त्याचा भाजक असलाच तर कसाही असून चालत नाही. बासष्टच्या पटीत एक मिळवून येणारे आकडेच तेवढे तपासावे लागतात, बाकीचे न पाहताच सोडून द्यायचे. आणखी एक चाळणी लावली की मागं उरतात फक्त ऐंशीच्या आसपास. जुन्या काळी कॉम्प्युटर नसताना हा आकडा मूळ आहे हे सिद्ध झालं ते असंच. आईचं तीन आठवड्यांचं काम. ते मी तिला सांगितलं नाही. तिला सगळे चार हजार सातशे करायला लावले.

सोमवारी परीक्षेचं पॅड, दोन पेनं आणि आकड्यांचा छापील कागद घेऊन आम्ही गेलो. सुया लागल्यावर मी पॅड तिच्या मांडीवर ठेवलं. तिनं आकडा वाचला, दोनदा वाचला.

"कायचा आकडा हाय हा?"

"कायचाच नाई. याले कशानं भाग जाते ते शोधाचं."

"जाते का पण?"

मी म्हणाले, "जाते."

एवढंच खोटं. एक शब्द. बाकी सगळं मी तिला खरं शिकवलं. मूळसंख्यांनीच भाग का द्यायचा हे तिला सांगावं लागलं नाही, तिनंच सांगितलं. "दोननं नाई गेला तं चारनं कसा जाईन? चारमधी दोनच तं हाय." कोणत्या संख्यांनी द्यायचा त्यांची यादी मी कॉलेजच्या प्रिंटरवर काढली होती, पण तिला दर आठवड्याला एकच पान द्यायचे, तीस आकड्यांचं. सगळा गठ्ठा दिला असता तर तिनं जाडी बघूनच किती काम आहे ते ओळखलं असतं.

पहिल्याच खेपेला तिच्या डोळ्यांत चमक आली. दोननं भाग दिला, उरला एक. तीननं दिला, एक. पाचनं दोन उरले. सातनं पुन्हा एक. अकरानं एक. "एकच धागा उरून राहिला वं," ती म्हणाली. "एक धागा कमी केला असता तं सगळं जमलं असतं." तिला कळत नव्हतं की ती काय बोलून गेली आहे. तो एक वजा केला म्हणून तर एक उरतो. एकतीसनं दिला तरी एक उरतो, आणि का उरतो हे मला फळ्यावर तीन ओळींत दाखवता येतं. मी काही बोलले नाही. तिला वाटलं, आकडा आता हातात येतोच आहे.

ती जायला लागली. नुसती जायला नाही, आधी तयार होऊन बसायला लागली. ऑटोवाल्याला उशीर झाला तर त्याला झापायची. मागच्या खेपेचा भागाकार घरी करायचा नाही असा तिचा स्वतःचाच नियम होता. घरी घरचं काम, तिथं तिथलं. मशीन सुरू झालं की पॅड मांडीवर, आणि संपताना शेवटचा आकडा खोडून मगच सिस्टरला सुया काढू द्यायची. टेक्निशियन तिला "गणितवाल्या आजी" म्हणायचा. नवीन पेशंट रडायला लागला की त्याला आईच्या शेजारची खाट मिळायची, आणि आई त्याला म्हणायची, "रडून काय होते गा? पाह्य, याले तेवीसनं भाग जाते का."

वर्ष गेलं. मी निर्धास्त झाले. खोटं बोललो की ते टोचत राहतं असं लोक म्हणतात. मला काही टोचलं नाही. मी शांत झोपत होते. आई जगत होती.

दीड वर्षाच्या सुमारास एकदा मी कॉलेजातून थेट सेंटरला गेले तर आत गलका. आईनं हात वर केला होता, पॅडचा कागद हवेत. "सापडला," ती म्हणाली. तिचा चेहरा इतका उजळलेला मी वडील असतानाही पाहिला नव्हता. एकवीस हजारांतल्या कुठल्याशा आकड्यानं भाग गेला होता, खाली पूज्य. नरखेडकडचे एक नातेवाईक दरवर्षी संत्र्यांची पेटी पाठवायचे. ती पेटी आणून सगळ्यांना वाटायची, असं तिनं जाहीर करून टाकलं. सिस्टर हसून म्हणाली, आजी, इथं कोणालाच संत्रं चालत नाही, तुम्हाला पण नाही. "मंग तुमीच खा," आई म्हणाली. "खा, पण वाटा."

मी कागद घेतला. भागाकार पाहायचीही गरज नव्हती. मूळ आकड्याच्या अंकांची बेरीज करत गेलं की शेवटी एक येतो. तिच्या भाजकाची आणि उत्तराची तशीच बेरीज करून गुणाकार केला की एकच यायला हवा. तीन आला. म्हणजे कुठंतरी चूक. मी शोधली. मध्ये एका ठिकाणी सात आठे चौपन्न लिहिलं होतं. तिनं, जिनं मला पाढे पाठ करवले. त्या वेळी तिचं बीपी उतरलं होतं, असं टेक्निशियन मागाहून म्हणाला.

मी तो कागद तसाच घडी करून पर्समध्ये ठेवू शकले असते. सापडला, शाब्बास, चल आता दुसरा आकडा देते. दुसरा आकडा द्यायला मला काय लागत होतं? दहा मिनिटं. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात एकशे साठ आठवडे होते आणि त्यातले अर्धे झाले होते. मी पेन काढलं, चौपन्नवर गोल केला आणि तिच्यापुढं धरला. "हे पाह्य आई." तिनं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग तो आकडा खोडला आणि पुढचा घेतला. त्या दिवशी ऑटोतून उतरताना ती म्हणाली, "चूक दाखवाची तं सगळ्याइच्या देखता दाखवाची गरज नोयती." बरोबर होतं तिचं.

त्यानंतर ती प्रत्येक भागाकार दोनदा करू लागली. आठवड्याला तीसचे वीस झाले, कधी पंधरा. एखाद्या खेपेला पायात गोळे यायचे आणि पेनच धरवत नसे. मी मनातल्या मनात शेवटची तारीख पुढं सरकवत होते आणि मला त्याचा आनंद होत होता. लाज वाटायला हवी होती.

दोन वर्षं उलटून गेल्यावर एका बुधवारी तिनं मला जवळ बसवलं. भाजक तेव्हा सत्तावीस हजारांपर्यंत आले होते.

"एक सांग. पैले मी सातनं भाग देला तं उत्तर किती मोठं आलं होतं? तीस कोटी. आता सत्तावीस हजारानं देते तं उत्तर एंशी हजार येऊन राहिलं. खालचा वर चढून राहिला, वरचा खाली उतरून राहिला. बरोबर?"

"बरोबर."

"मंग दोघं भेटतीन कुठं तरी. भेटल्यावर पुढं जाऊन काय करू? तेच आकडे उलटे येतीन."

एखादी शाळकरी पोर हे बोलली असती तर मी तिला डोक्यावर घेतलं असतं. वर्गमुळाशी थांबायचं असतं, हे मलाही दहावीत मास्तरांनी शिकवलं तेव्हा कळलं होतं. आईनं ते दोन वर्षं भागाकार करून काढलं. मी म्हणाले, "हो. तिथं थांबाचं."

"शेचाळीस हजार तीनशे चाळीस," आई म्हणाली. "मी गुणून पाह्यलं. एक्केचाळीस घेतला का आकडा मोठा होते." मग तिनं यादीचं त्या आठवड्याचं पान उचललं. "एका पानावर तीस. पयल्या वर्सी किती पानं झाले ते मले ठाऊक हाय. एका पानात आकडे किती पुढं सरकते त्याच्यावरून राह्यले किती ते बी काढलं. रोजच्या हिशेबानं केलं असतं तं एकंदर तीन वर्सं होते." तिनं पान खाली ठेवलं. "डॉक्टर तुले तीन वर्सं म्हणे का?"

मी हो म्हणायला हवं होतं. मी तिच्या हातावरच्या चिकटपट्टीकडं बघत बसले.

"ताणा लावाच्या पैले सूत मोजते ना आपण," आई म्हणाली. आवाज अगदी साधा. "कापड जेवढं विणाचं तेवढंच नाई मोजत. मागाले गुंतून जे शेवटी राह्यते ते विणता येत नाई, ते कापून फेका लागते. ते वरचं धरूनच मोजा लागते, नाई तं लुगडं अपुरं पडते. तुह्या बापाले बी हे कळे." मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "तुनं वरचं किती धरलं?"

"एक महिना," मी म्हणाले.

ती एवढंच म्हणाली, "महिना." आणि पॅडवर हात ठेवून पडून राहिली.

मला वाटलं, आता सगळंच सांगून टाकावं. मन हलकं करायचा मोह वाईट, त्या वेळी तो समोरच्याचा विचार करत नाही. मी सांगितलं की याला भाग जातच नाही. कशानंच नाही. मला आधीपासून माहीत होतं. तू येणं बंद केलं होतंस म्हणून दिला. मी रडत होते. शेजारच्या खाटेवरचा माणूस टीव्ही बघत असल्याचं सोंग करत होता.

आई रडली नाही. तिनं पेन उचललं. मी म्हणाले, "आई, आता कायले करतं? नाई जात म्हटलं ना."

"पैले म्हणे जाते," ती म्हणाली. "आता म्हणते नाई जात. मी कोणतं धरू?" आणि पुढच्या आकड्यानं भाग द्यायला लागली.

तिनं जाणं सोडलं नाही. मी ज्यासाठी हे सगळं केलं ते मला मिळालं, पुढचं जवळजवळ वर्षभर एकही खेप चुकली नाही. पण मला आत बसू देणं तिनं बंद केलं. सिस्टरला सांगितलं, पोरीले बाहेर बसू द्या, माह्यं ध्यान लागत नाई. मी बाकावर बसून पेपर तपासायचे. घरी जेवताना ती भाजीबद्दल बोलायची, नळाबद्दल बोलायची, बेसाकडं कोणाचं घर बांधून झालं त्याबद्दल बोलायची. आकड्याबद्दल नाही. पान संपलं की टेबलावर ठेवायची, मी नवीन ठेवायचे. एकदा मी विचारलं, मोठा आकडा देऊ का, खूप मोठा, आपल्या दोघींना पुरेल असा. ती म्हणाली, "तू आता माह्यासाठी काई मोजू नको."

तिसरं वर्ष संपता संपता तिला ताप आला. रक्तात जंतू गेले होते. चार दिवसांत ती अशी वाळली की मला तिचा हात हातात घ्यायची भीती वाटायची. हॉस्पिटलमध्येच खाटेशी मशीन आणून डायलिसिस करत होते. पाचव्या दिवशी दुपारी, जेवणाच्या गाड्या गेल्यावर, तिनं डोळे उघडले आणि मला बोलावलं. इतक्या महिन्यांनी तिनं मला बोलावलं होतं.

"पॅड आणलं का?"

आणलं होतं. पिशवीत कायम असायचं. सदतीस हजारांपाशी ती थांबली होती. साडेआठशेच्या वर राहिले होते.

"माह्या हातानं होत नाई आता," ती म्हणाली. "उरलेले तू कर. मी ऐकते. खाली किती उरते ते सांगत जाय."

मी म्हणाले, "आई, नाई जात भाग. मले माहीत हाय."

"तुले माहीत हाय," ती म्हणाली. "मले नाई."

मी पॅड मांडीवर घेतलं. सदतीस हजार तीन. मांडलं, भाग दिला. अठ्ठावन्न हजार पस्तीस वेळा गेला. "उरले चौदा हजार पाचशे बेचाळीस," मी म्हणाले. तिनं डोळे मिटले आणि मान हलवली. दुसरा केला. तिसरा केला. प्रत्येकाला चार-पाच मिनिटं. तिचा श्वास वर-खाली होत होता आणि मला भागाकार दिसत नव्हता, नुसती ती दिसत होती. आणि मला पक्कं ठाऊक होतं की खाली पूज्य येणार नाही. कधीच येणार नाही. मग कागदावर उतरवून काय करायचं? चौथ्या आकड्याला मी पेन धरून बसले, थोडा वेळ जाऊ दिला आणि म्हणाले, "उरले एकवीस हजार आठशे सोळा." तिनं मान हलवली. पाचवा. "उरले नऊ हजार सत्तर." सहावा. मी तिचा हात धरला होता, आणि मला वाटलं, हे बरं आहे. तिला ऐकू येतंय, मला तिच्याकडं बघता येतंय.

सातव्याला तिनं मान हलवली नाही. डोळे मिटलेलेच होते.

"मधली ओळ वाच," ती म्हणाली.

"कोणती?"

"भाग देताना मधी ओळी येते ना. दुसरी ओळ वाच. किती वजा केले?"

मी कागदाकडं पाहिलं. वर भाजक लिहिला होता, खाली काही नव्हतं. मी तिथल्या तिथं करायला लागले, पण तिला कळायला तेवढा वेळ पुरला. तिनं माझ्या हातातून आपला हात काढून घेतला. जोर नव्हता तिच्यात, तरी काढून घेतला.

"आताबी," ती म्हणाली.

सिस्टर सलाईन बदलायला आली. आईनं तिला हळूच विचारलं, "बाई, तुमाले भागाकार येते का?" सिस्टर म्हणाली, येतो की आजी, का? पण आईला तेवढं बोलून धाप लागली होती आणि ती पुढं काही सांगू शकली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास ती गेली. मी खाटेशीच होते. तिनं एकदा डोळे उघडले होते, आणि ती सिस्टर कुठं दिसते का ते पाहत होती.